ॲडमिरलचा माणूस

हिनेस कोनेसा भित्रा होता हे आमच्या सांता लुसियात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. स्पेनच्या कार्ताखेना बंदरातली कोळ्यांची वस्ती ही. इथं कुणाला दारूची खोड असते, कुणाला पत्त्यांची, कुणाला दुसऱ्याच्या बायकोची. हिनेसला घाबरायची होती. समोरून कुत्रं आलं की तो गल्ली बदलायचा. दाराला कडी लावून अंथरुणात शिरायचा आणि पुन्हा उठून कडी चाचपायचा. बंदरात सलामीची तोफ उडाली की त्याच्या हातातला पेला हमखास सांडायचा, आणि खानावळीतली मंडळी ओरडायची, "हिनेसच्या दारूचं बिल आरमाराला पाठवा रे!"

हसायचे, पण बेतानं. कारण तरुणपणी हिनेस युद्धनौकेवर भट्टीत कोळसा ओढायला होता, आणि क्युबाच्या किनाऱ्यावर अमेरिकनांनी आमचं आरमार एका सकाळीत जाळलं तेव्हा तो त्या जळत्या जहाजावर होता. त्याच्या भट्टीवरचं दुसरं कुणी परत आलं नाही. तो पोहून आला, आणि त्यानंतर आयुष्यभर त्याच्या पोटात एक गोळा राहिला. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो, तो मात्र म्हणायचा, "भीती म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच नाही, म्हणून तुम्ही शूर."

पुढं आरमाराच्या मुख्य कचेरीत त्याला दरवान म्हणून चिकटवलं. काम सोपं होतं. पावलं वाजली की दार उघडायचं, ताठ उभं राहायचं, दार लावायचं. कचेरीतल्या प्रत्येक साहेबाची पावलं त्याला ओळखू यायची. ॲडमिरलसाहेब आत यायचे तेव्हा "बुएनोस दीआस", शुभ सकाळ, म्हणायचे. ते शब्द हिनेसला उद्देशून होते की दाराला, हे त्याला कधी कळलं नाही, आणि विचारायची तर सोयच नव्हती.

मग १९३१ सालच्या फेब्रुवारीत ते घडलं. माद्रिदमध्ये पुढारी एकमेकांच्या उरावर बसले होते, राजाला सरकार बनवायला माणूस मिळेना. शेवटी त्यानं आमच्या कार्ताखेनाहून ॲडमिरलला बोलावून घेतलं आणि पंतप्रधान केलं. आमच्या बंदरातला माणूस सगळ्या स्पेनवर! वस्तीत राजाच्या बाजूचे होते, राजाच्या विरुद्ध होते, पण त्या दिवशी छाती सगळ्यांचीच फुगली होती.

खानावळीत कुणीतरी हिनेसला डिवचलं. "काय रे, साहेब गेला म्हणे? तुला विचारलं तरी का जाताना?"

एरवी हिनेस मान खाली घालून मिचिरोनेसची, सुक्या वालाच्या रश्श्याची, वाटी संपवायचा. त्या दिवशी काय सैतान शिरला कुणास ठाऊक. तो म्हणाला, "विचारलं ना. म्हणाले, हिनेस, छत्री घेऊ का?"

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, घ्या साहेब. माद्रिद आहे."

पोट धरधरून हसले सगळे. आमच्याकडं वर्षात चार थेंब पडायची मारामार. इथं छत्री म्हणजे थट्टाच. पण हसता हसता ती गोष्ट लोकांच्या डोक्यात रुतून बसली. दुसऱ्या दिवशी पाववाल्यानं त्याला ताजा पाव निवडून दिला. न्हाव्यानं स्वतःहून खुर्ची पुसली. आठवडा गेला नाही तोच हिनेस कोनेसा "ॲडमिरलचा माणूस" झाला होता. त्या छत्रीनंतर त्यानं काही खोटं सांगितलं नाही म्हणा. फक्त कुणाला नाही म्हणाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्याशी गोड बोलत होते, आणि ते थांबलं तर काय, ही एक नवीनच भीती त्याला लागली.

त्याची बायको फुएन्सांता फटकळ होती. ती म्हणाली, "साहेबाला तुझं नाव तरी माहीत आहे का?"

"हळू बोल," हिनेस म्हणाला. "भिंती पातळ आहेत."

मार्चच्या सुरुवातीला साल्वादोरा त्याच्या दारात येऊन उभी राहिली. साल्वादोरा मासळीबाजारात बसायची. नवरा खाणीत मेला, एकट्या जिवानं एक पोरगा वाढवला. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, गिऱ्हाइकानं माशाचा वास घेतला तर ती म्हणायची, "लग्न करायचंय का त्याच्याशी?" अशी बाई त्या दिवशी दारात उभी राहून रडत होती. तिचा लेआंद्रो आरमाराच्या गोदीत फिटर होता. संपाची पत्रकं वाटताना त्याला धरला होता आणि डोंगरावरच्या किल्ल्यात नेऊन टाकला होता. किल्ल्यातल्या कोठड्या ओल्या. लेआंद्रोची छाती लहानपणापासून नाजूक.

"हिनेसभाऊ, तुम्ही एक शब्द टाका," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांच्या कानावर घाला. मी दुसरं काही मागत नाही."

आता इथं माणसानं काय म्हणायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि हिनेसलाही माहीत होतं. बाई, मी दार उघडणारा माणूस, माझ्या हातात काही नाही. एवढंच. पण ती रडत होती. शेजारणी खिडक्यांतून बघत होत्या. हिनेसच्या तोंडून निघालं, "झालं समजा."

तिनं त्याचा हात धरून कपाळाला लावला. मग डोळे पुसून म्हणाली, "ब्लास म्हणतोय, मुर्सियाचा एक वकील आहे, रिपब्लिकवाल्यांचा. फुकट लढेल म्हणे. सांगू त्याला?"

ब्लास हा तिचा भाऊ. काच कारखान्यात भट्टीवर, पक्का रिपब्लिकवाला, राजाच नको म्हणणारा. हिनेसच्या डोळ्यांसमोर तो वकील आला. कचेरीत येतोय, चौकशी करतोय, ॲडमिरलशी बोलणारा हिनेस कोण म्हणून विचारतोय, आणि साहेब लोक वळून आपल्याकडं बघतायत. 

"वकील नको," तो घाईघाईनं म्हणाला. "आत्ता नको. असल्या माणसाचं नाव निघालं तर साहेब बिथरतील."

"बरं झालं विचारलं," साल्वादोरा म्हणाली, आणि वकिलाला नाही म्हणून कळवून टाकलं.

हिनेसनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा धीर करून तो कचेरीतल्या एका लेफ्टनंटच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. सगळं वाक्य पाठ केलं होतं. लेफ्टनंटनं मान वर करून विचारलं, "काय?" हिनेस म्हणाला, "खिडकी लावू का, साहेब?" लेफ्टनंट म्हणाला, "लाव." त्यानं खिडकी लावली आणि परत दारावर येऊन उभा राहिला. 

त्यानंतर साल्वादोरा आठवड्याला एकदा यायची, पानात बांधलेली लाल मासळी घेऊन. "काही कळलं?" "चाललंय," हिनेस म्हणायचा. ती मासळी त्याच्या घशाखाली उतरायची नाही. फुएन्सांता तळायची, तो ताटावरून उठायचा.

"सांगून टाक तिला," फुएन्सांता म्हणायची. "शिव्या देईल, दोन थपडा देईल. मरणार नाहीस."

"उद्या सांगतो."

पुढचं समजायला आमच्या गावाची एक गोष्ट ठाऊक हवी. इथं माणूस आधी तांबडा असतो किंवा जांभळा, ख्रिस्ती वगैरे नंतर. पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांची ही दोन मंडळं. बुधवारी तांबडे निघतात, गुड फ्रायडेला जांभळे, आणि कुणाचा रथ झकास, कुणाचे दिवे सरळ रेषेत, यावरून वर्षभर डोकी फुटतात. तांबड्याच्या घरात जांभळा रुमाल सापडला तर बायकोला जाब द्यावा लागतो. साल्वादोराचं सगळं घराणं तांबडं. बाप तांबड्या झग्यात पुरलेला. आणि हिनेस जांभळा, कारण सांता लुसियातले जुने कोळी जांभळे.

साल्वादोरानं आपल्या डोक्यानं हिशेब मांडला. ॲडमिरलचा कान हिनेसकडं आहे, हिनेस जांभळ्यांच्या येशूचा आहे, तेव्हा नवस करायचा तो त्या येशूलाच करायला हवा. आमच्या बायका नवसाचा पोशाख अंगावर घालतात, तो मागणं पुरं होईपर्यंत उतरवत नाहीत. एका सकाळी साल्वादोरा नखशिखांत जांभळ्या झग्यात, कमरेला पिवळी दोरी बांधून बाजारात येऊन बसली. 

ब्लास तिच्या टोपलीपुढं येऊन उभा राहिला. त्याला वकिलाचं आधीच झोंबलं होतं.

"बाप वरून बघतोय तुझा," तो म्हणाला.

"बघू दे. त्याच्या नातवाला सोडवतेय."

"कुणाच्या भरवशावर? त्या छत्रीवाल्याच्या?"

"तू आणि तुझ्या रिपब्लिकनं काय केलंत? गाणी म्हटलीत."

"ते जांभळं अंगावर आहे तोवर माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस," ब्लास म्हणाला, आणि तिच्या दुसऱ्या दोन्ही भावांनीही तेच सांगून पाठवलं. ती एकटी पडली. कुणी विचारलं तर म्हणायची, "हिनेसभाऊ आहेत."

गुड फ्रायडेच्या पहाटे जांभळ्यांची मिरवणूक आमच्याच वस्तीतून निघाली. हिनेस झगा आणि टोकदार टोपडं घालून, डोळ्यांपुरती भोकं ठेवून, हातात पेटता दिवा धरून चालला होता. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूच्या रथामागं नवसाच्या बायका अनवाणी चालत होत्या. पहिल्याच रांगेत साल्वादोरा. दगडांनी तिच्या टाचा फुटल्या होत्या. टोपड्याआड शंभर माणसं सारखीच दिसतात, पण तिनं त्याला कसं कोण जाणे ओळखलं, आणि त्याच्याकडं बघून मान हलवली. आपल्या माणसाकडं बघून हलवतात तशी. हिनेसच्या हातातला दिवा कलंडला आणि गरम मेण त्याच्या मनगटावर सांडलं. टोपड्याच्या आत तो रडला. ईस्टर संपला की तिला खरं सांगायचं असं त्यानं येशूला कबूल केलं.

ईस्टर संपला. मग सोमवार नको वाटला, मंगळवारी ती दिसली नाही, आणि बघता बघता निवडणुकांचा रविवार आला.

निवडणुका नगरपालिकेच्या होत्या, कचरा आणि दिवाबत्तीच्या. पण सोमवारी कळलं की मोठ्या शहरांतून राजाची माणसं साफ हरली, आमच्या शहरातही. कचेरीत साहेब लोक कुजबुजत होते, आणि हिनेस दिसला की गप्प होत होते. हिनेसला वाटलं, आपल्यालाच बघून गप्प होतायत. वास्तविक ते कुणालाही बघून गप्प होत होते. घरी येताना पाववाला दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं हाक मारली नाही. न्हावी हसला, पण कसा हसला ते हिनेसला आवडलं नाही.

घरात शिरल्याबरोबर त्यानं कडी लावली आणि भिंतीवरची तसबीर काढली. मासिकातून कापलेलं ॲडमिरलचं चित्र होतं ते, फेब्रुवारीत मोठ्या हौसेनं लावलेलं. आधी ते गादीखाली ठेवलं. मग वाटलं, गादी पहिली उचलतील. मग पिठाच्या डब्यात. शेवटी फुएन्सांतानं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि चुलीत सारलं.

"संपलं," ती म्हणाली. "आता जेव."

"भिंतीवर डाग दिसतोय चौकोनी," हिनेस म्हणाला. "चित्र कुठाय म्हणून विचारतील."

"कोण विचारणार आहे तुला? कोण आहेस तू?"

तिनं हे चिडून म्हटलं, पण हिनेसला वाटलं, देवा, असंच असू दे. मी कुणी नसू दे. हीच एक प्रार्थना तो रात्रभर करत राहिला.

मंगळवारी दुपारी रस्त्यावरून आवाज येऊ लागला. आधी मुलं पळाली, मग बाजा, मग शेकडो पावलं. हिनेस पावलं ओळखणारा माणूस, पण ही कुणाची ते त्याला कळेना. कुणीतरी ओरडलं, "रिपब्लिक झिंदाबाद!" आणि अख्ख्या गल्लीनं साथ दिली. ती भट्टी, तो धूर, वरून येणाऱ्या किंकाळ्या, सगळं त्याच्या अंगात पुन्हा जागं झालं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मी नाही घरात," हिनेस म्हणाला आणि कपाटात शिरला.

अंधारात त्याला आपल्याच दातांचा आवाज ऐकू येत होता. बाहेर फुएन्सांतानं दार उघडलं. ब्लासचा आवाज. मागं चारपाच जणांचे.

"कुठाय हिनेस?"

"काय काम आहे?"

ब्लास जरा अडखळला. घसा खाकरला. मग म्हणाला, "जांभळं कापड हवंय."

"काय?"

"झेंड्याला, बाई! रिपब्लिकच्या झेंड्याला खाली जांभळा पट्टा लागतो. तांबडं आमच्याकडं ढिगानं आहे, पिवळं मिळालं. जांभळं सगळं तुमच्या मंडळाकडं. नगरपालिकेवर लावायला कापड नाही."

 मग फुएन्सांता हसायला लागली. "तांबड्यांचा ब्लास जांभळ्यांच्या दारात कापड मागायला! थांब, मला खिडकी उघडू दे, शेजाऱ्यांना बघू दे."

"हस, हस. देणार आहेस का नाही?"

कपाटाचं दार आतून उघडलं. हिनेस बाहेर आला, घामानं निथळत, दोन्ही हातांवर आपला जांभळा झगा धरून. नुकताच धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. त्याच झग्यात आपल्याला पुरावं अशी आमच्यातल्या प्रत्येक जांभळ्याची इच्छा असते.

"घ्या," तो म्हणाला. "सगळा घ्या. टोपडं पण घ्या."

ब्लासनं झगा घेतला, जरा आदरानंच घेतला, आणि मंडळी गेली. फुएन्सांतानं नवऱ्याकडं पाहिलं.

"आता तुला पुरायचं कशात?"

"आज नको पुरू, मग बघू," हिनेस म्हणाला आणि मटकन खाली बसला. त्याला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. आले होते, आणि मारलं नाही. वाचलो. त्या आनंदात त्यानं भाकरीबरोबर खारवलेला टूना खाल्ला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला जेवणाची चव लागली.

सकाळी बातमी आली की राजा रात्रीतून आमच्याच बंदरातून जहाजावर चढून गेला. गाव झोपलेलं असताना. आता राजा नाही, ॲडमिरलचं सरकार नाही. आणि दुसरी बातमी: किल्ल्याचे दरवाजे उघडले, राजकीय कैदी सुटले, लेआंद्रो घरी येतोय.

हिनेसचा घास तोंडातच राहिला. काल झेंड्याच्या गडबडीत तो हे विसरलाच होता. लेआंद्रो येणार, साल्वादोरा येणार, आणि सगळ्या गावापुढं ओरडून सांगणार. काय सांगणार? ह्यानं ॲडमिरलला सांगून काम केलं. हा ॲडमिरलचा माणूस. रिपब्लिकच्या पहिल्याच दिवशी, त्या सगळ्या गर्दीपुढं! ती त्याचे उपकार मानायला येणार होती आणि त्याला तेच फासासारखं वाटत होतं.

"दार लाव," तो म्हणाला.

"लावलेलंच आहे," फुएन्सांता म्हणाली.

बाजा जवळ आला. "हिनेसभाऊ!" साल्वादोराचा आवाज, मासळीबाजारातला, चार गल्ल्यांत ऐकू जाईल असा. "अहो हिनेसभाऊ! खाली या! बघा कोण आलंय!"

फुएन्सांतानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि जिना उतरवला. दारात उजेड डोळ्यांवर आला. गल्ली माणसांनी भरली होती. तिघा मामांनी लेआंद्रोला खांद्यावरून आणलं होतं. आता त्याला खाली उतरवलं. पोरगा निम्मा झाला होता. मान बारीक, डोळे खोल, आणि खोकला असा की खोकताना भिंत धरत होता. साल्वादोरा त्याच्या शेजारी उभी होती, त्याच जांभळ्या झग्यात, आणि सकाळपासून अनोळखी पोरं तिला मिठ्या मारत होती, "वा मावशी, झेंड्याचा रंग अंगावर!" म्हणून. ब्लासचा हात तिच्या खांद्यावर होता. तिचा चेहरा उजळून निघाला होता.

"ऐका रे सगळे!" ती गर्दीकडं वळून म्हणाली. "ज्यानं माझ्या पोरासाठी थेट पंतप्रधानाकडं शब्द टाकला, तो हा माणूस! तुम्ही ह्याला हसत होता. लेआंद्रो, हात धर त्यांचा."

लेआंद्रो पुढं झाला. "हिनेसकाका," तो म्हणाला. गर्दी बघत होती. खरं तर कौतुकानंच बघत होती. कुणाच्या मनात काही नव्हतं, नंतर आम्ही सगळे हेच म्हणत होतो. पण हिनेसला फक्त तोंडं दिसली, शेकडो तोंडं, आपल्याकडं वळलेली. त्याच्या पोटातला गोळा फुटला.

"मी नाही!" तो ओरडला. "मी काही बोललो नाही! मी ॲडमिरलला ओळखत नाही! मी दार उघडतो, दार! त्याला माझं नावसुद्धा माहीत नाही! ह्या पोरासाठी मी एक अक्षर बोललो नाही कुणापाशी, देवाशपथ, एक अक्षर नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चारचौघांत खरं सांगितलं, तेही भीतीनंच.

मागून कुणीतरी हसलं. "मग छत्री?" कुणी विचारलं, आणि हशा गल्लीभर पसरला. निरुपद्रवी, सणाचा हशा होता तो. बाजा वाजायला लागला. लोक बंदराकडं निघाले, तिथं आणखी मोठी गंमत होती. ब्लास हसला नाही. त्यानं हिनेसकडं एकदा पाहिलं, भाच्याला काखेत हात घालून धरलं आणि चालायला लागला.

साल्वादोरा तिथंच उभी राहिली.

"वकील नको म्हणालास," ती म्हणाली. आवाज बाजारातला नव्हता. ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती.

हिनेसनं मान हलवली.

"एकदा तोंड उघडायचं होतंस. म्हणायचं होतंस, साल्वादोरा, माझ्याच्यानं होणार नाही. एवढंच. मी दुसरीकडं गेले असते."

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुझी," हिनेस म्हणाला. "तू रडत होतीस."

आता ती हात उचलेल असं त्याला वाटलं. फुएन्सांतालाही वाटलं, तिनं मध्ये पडायचं नाही असं ठरवलं आणि बाजूला सरली. पण साल्वादोरानं हात उचलला नाही. तिकडं कोपऱ्यावर लेआंद्रो पुन्हा खोकत थांबला होता. ती त्या खोकल्याकडं कान देऊन उभी होती.

"मी झोपत होते रे," ती म्हणाली. "पहिले चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. मग तू म्हणालास, झालं समजा. त्या रात्रीपासून मी झोपायला लागले. तो वर ओल्यात जागा होता, आणि मी रोज रात्री बिछान्यावर पडून गाढ झोपत होते. तू आहेस म्हणून."

ती वळली आणि पोराकडं गेली. फुटलेल्या टाचा तिला अजून नीट टेकवता येत नव्हत्या. गल्ली रिकामी झाली. पाववाला दुकान बंद करून गर्दीच्या मागं धावत गेला, जाता जाता हिनेसला म्हणाला, "येतोस का, काका?" हिनेस गेला नाही. तो दारात ताठ उभा होता, कचेरीत उभा राहायचा तसा, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटत होतं की कुणीतरी यावं आणि आपल्याला मारावं.